पर्यावरणाचे पदविकाधर आणि त्यांचे धनी

पदवी परीक्षांचे निकाल लागून प्रवेशाचे दिवस आले की अलीकडे एका नव्या मालाची जाहिरात जोरात सुरू होते. शाश्वत विकास, पर्यावरण व्यवस्थापन, हवामानबदल, कार्बनचा हिशेब अशा नावांची पदवीधरांसाठीची प्रमाणपत्रे आणि पदविका विद्यापीठे देतात, व्यवस्थापन संस्था देतात, आणि परदेशी विद्यापीठे तर घरबसल्या देतात. शुल्क कोठे काही हजार, तर कोठे काही लाख. पर्यावरणाचे शिक्षण घेणाऱ्यांची संख्या वाढली याचा खेद करण्याचे कोणालाही कारण नाही. प्रश्न वेगळा आहे आणि तो अर्थशास्त्राचा आहे. या प्रशिक्षित मनुष्यबळाला मागणी कोणाची आहे, त्याची किंमत कोण मोजतो, आणि किंमत मोजणारा त्याच्याकडून काय करून घेतो? अभ्यासक्रम कसा असावा यावर परिसंवाद झडतात. पदविका घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाला पगार कोण देणार याबद्दल मात्र सारे चिडीचूप.

या शिक्षणाचा उगम बाजारात झालेला नाही, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्यसंस्थेचे मार्गदर्शक तत्त्व आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत आले. नागरिकाने कर्तव्य पाळावयाचे तर त्याला त्याची माहिती हवी, या साध्या तर्कावर ॲडव्होकेट एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याचा आदेश दिला. चित्रपटगृहांत पर्यावरणविषयक पट्ट्या दाखवाव्यात, येथपर्यंत त्या आदेशाचा तपशील होता. विषय सर्वांसाठी होता. कारकून होणाऱ्यासाठी, शिक्षक होणाऱ्यासाठी आणि शेतावर परतणाऱ्यासाठीही.

विद्यापीठ अनुदान आयोगाला या आदेशाचे रूपांतर अभ्यासक्रमात करण्यास बारा वर्षे लागली. २००३ मध्ये सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी आठ घटकांचा आणि पन्नास तासांचा अभ्यासक्रम ठरला. आयोगासाठी त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. पन्नासांपैकी पाच तास प्रत्यक्ष भेटीचे होते: जवळची नदी, डोंगर, गवताळ रान पाहावे, एखादी प्रदूषित जागा पाहावी, परिसरातील झाडे, कीटक, पक्षी ओळखावेत. शंभर गुणांपैकी पंचवीस गुण या कामाला होते. पाच तास म्हणजे काही फार नव्हे, पण त्या पाच तासांतच अभ्यासक्रमाचा जीव होता.

त्या पाच तासांचे काय झाले हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जाऊन विचारावे. तयार प्रकल्पवह्या झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. महाविद्यालय नदीकाठी उभे असते, तिच्यात साखर कारखान्याची मळी उतरत असते, आणि विद्यार्थी आपल्या वहीत गंगेच्या प्रदूषणाची माहिती सुवाच्य अक्षरात उतरवून काढत असतो! यात विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. विषय सक्तीचा झाला, परंतु त्याच्यासाठी शिक्षकाचे स्वतंत्र पद बहुतेक ठिकाणी मंजूर झाले नाही. ज्याचा कार्यभार कमी पडतो त्याच्या गळ्यात तो पडला, किंवा तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, उद्याची खात्री नसलेल्या तरुण अध्यापकाकडे गेला. असा अध्यापक साठ मुलांना घेऊन साखर कारखान्याच्या मागच्या नाल्यावर जाईल, आणि त्याच कारखान्याचे अध्यक्ष त्याच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर असताना जाईल, ही अपेक्षाच भाबडी होती. २०२३ मध्ये आयोगाने नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार श्रेयांकांचा नवा आराखडा काढला. त्यात क्षेत्रभेटी आहेत, लोकांमध्ये जाऊन करावयाचे काम आहे. आराखडा चांगला आहे. त्याच्याबरोबर शिक्षकाचे पद आलेले नाही.

सर्वांना जवळजवळ विनामूल्य मिळावयाचे ते शिक्षण असे पोकळ झाले, आणि त्याच सुमारास थोड्यांना पैसे मोजून मिळणारे शिक्षण भरभराटीस आले. ही भरभराट का झाली? त्याची कारणे पोथीत शोधण्याची गरज नाही, ती शेअर बाजाराच्या नियमांत सापडतात. सेबीने मे २०२१ मध्ये परिपत्रक काढून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना व्यवसायविषयक जबाबदारी आणि शाश्वततेचा वार्षिक अहवाल देणे २०२२-२३ या वर्षापासून बंधनकारक केले. वीज किती वापरली, पाणी किती उपसले, कार्बन किती सोडला, कचरा कोठे टाकला, याचे तक्ते भरावयाचे. त्यात युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा आयात मालातील कार्बनवर आकार लावण्याची व्यवस्था आणली. ऑक्टोबर २०२३ पासून तिचा माहिती देण्याचा टप्पा सुरू झाला. निर्यातदार कंपन्यांना तक्ते भरणारी माणसे हवी झाली. मागणी आली की पुरवठा येतो. विद्यापीठांनी तो केला.

असे तक्ते भरले जाऊ नयेत असे कोणी म्हणणार नाही. भांडवलदाराला आपल्या धुराचा हिशेब द्यावा लागतो हे पूर्वीपेक्षा बरेच म्हणावयाचे. तथापि तो हिशेब तो स्वतःच, स्वतःच्या नोकराकरवी लिहितो, आणि गुंतवणूकदारासाठी लिहितो. धुराखाली राहणाऱ्या वस्तीसाठी तो लिहिलेला नसतो.

आता दुसरी बाजू पाहावी. हाच धूर मोजण्याचे काम कायद्याने ज्यांच्यावर सोपविले आहे ती राज्यांची प्रदूषण नियंत्रण मंडळे. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे जी माहिती आली तिच्यानुसार देशभरच्या मंडळांतील आणि समित्यांतील सुमारे साडेअकरा हजार मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्मी रिक्त होती. एका बाजूला पर्यावरणाचे पदविकाधर बाहेर पडत आहेत, दुसऱ्या बाजूला पर्यावरणाचे रक्षण करणारी सार्वजनिक पदे वर्षानुवर्षे ओस पडली आहेत. माणसे मिळत नाहीत म्हणून ही पदे रिकामी आहेत असे सांगण्याची सोय आता कोणत्याही सरकारला उरलेली नाही. पदे रिकामी ठेवली जातात. नमुने घेणारा अधिकारी नसला की नमुने दोषी निघत नाहीत, इतके हे सरळ आहे. परिणामी या विषयाच्या ज्ञानाचा बाजारात एकच मोठा गिऱ्हाईक उरतो, तो म्हणजे ज्याच्यावर पाळत ठेवावयाची तोच. एकाच गिऱ्हाइकाच्या बाजारात मालाची किंमत आणि मालाचा गुण दोन्ही तोच ठरवितो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

याचे रोकडे उदाहरण म्हणजे पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे अहवाल. १९९४ च्या अधिसूचनेने ठरावीक प्रकल्पांसाठी असे मूल्यांकन बंधनकारक केले, १९९७ मध्ये जनसुनावणी आली, २००६ मध्ये नवी अधिसूचना निघाली. अहवाल तयार करणारा सल्लागार मात्र पहिल्यापासून आजतागायत प्रकल्पमालकच नेमतो आणि त्याचे बिलही प्रकल्पमालकच चुकते करतो. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीचा अहवाल या शतकाच्या पहिल्या दशकात गाजला, तो का? त्यात रशियातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातील मजकूर जसाच्या तसा उतरवला होता. कोकणातल्या खाणीभोवती स्प्रूस आणि बर्च वृक्षांची, म्हणजे थंड प्रदेशातील अरण्ये असून त्यांत पक्षी राहतात, असे त्या अहवालावरून समजत होते. आंबा, काजू, किंजळ आणि आईन यांचा मुलूख लेखणीच्या एका फटकाऱ्याने उत्तर ध्रुवाकडे सरकला! हा अहवाल अडाणी माणसाने केलेला नव्हता. जगभर नाव असलेल्या सल्लागार संस्थेने तो केला होता.

अशा प्रकारांनंतर सल्लागारांना अधिस्वीकृतीची अट आली. हवा, पाणी, भूजल, मृदा, जैवविविधता, समाज-अर्थकारण अशा बारा क्षेत्रांचे तज्ज्ञ ठरले. त्यांची पात्रता, अनुभव, कागदपत्रे तपासली जाऊ लागली. तज्ज्ञाची परीक्षा कडक झाली, पण त्याचा धनी बदलला नाही. प्रतिकूल अहवाल देणाऱ्या सल्लागाराला पुढचे काम कोण देणार, हा प्रश्न होता तेथेच राहिला. ज्ञानाच्या अभावी हे घडते असे मानणारे अधिक प्रमाणपत्रांचा उपाय सुचवितात. रोग अज्ञानाचा नसून अवलंबित्वाचा आहे, हे ते पाहत नाहीत किंवा पाहू इच्छीत नाहीत.

ज्ञान असूनही ते कसे दडवले जाते याचा पुरावा त्याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे. खेड तालुक्यातील लोटे परशुराम येथील रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने दाभोळच्या खाडीतील मासळीची जी वाताहत झाली तिची दखल डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने आपल्या अहवालात घेतली आहे. कारखान्यांनी अकरा हजार लोकांना काम दिले, आणि मासेमारीवर जगणाऱ्या वीस हजारांचे काम गेले, असे तेथील मच्छीमारांचे म्हणणे होते. विकासाच्या जमाखर्चात पहिला आकडा नेहमी लिहिला जातो. दुसरा लिहिण्यासाठी रकानाच नसतो. उद्योग कोठे असावेत आणि कोठे नसावेत याचे जिल्हावार नकाशे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तयार केले होते, रत्नागिरीचेही केले होते. ते लोकांपुढे आले नाहीत. लोक बोलू लागले तेव्हा काय झाले, तेही समितीने नोंदवले आहे: ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात जिल्ह्यात १९१ दिवस मुंबई पोलीस कायद्याखाली जमावबंदी होती. खुद्द या समितीचा अहवालही ऑगस्ट २०११ मध्ये सादर होऊन मे २०१२ पर्यंत मंत्रालयाच्या कपाटात राहिला आणि केंद्रीय माहिती आयोगाने खडसावल्यानंतर बाहेर आला. देशातील अग्रगण्य परिसरशास्त्रज्ञाच्या लिखाणाची ही गत, तर कंपनीच्या शाश्वतता विभागातील पदविकाधराने दिलेल्या एखाद्या खऱ्या टिपणीची काय गत होत असेल याची कल्पना केलेली बरी.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे अगत्याचे आहे. चिपळूणचा किंवा वणीचा एखादा विज्ञान पदवीधर कर्ज काढून ही पदविका घेतो आणि कंपनीत चिकटतो, त्यात त्याने काय पाप केले? काहीही नाही. त्याच्या घरी म्हातारे आई-बाप आहेत, बहिणीचे शिक्षण आहे. गिरणीत काम करणाऱ्या कामगाराला गिरणीमालकाचा हस्तक कोणी म्हणत नव्हते; या तरुणांनाही तसे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. तेही श्रम विकूनच जगतात, त्यांचे श्रम बौद्धिक आहेत एवढेच. उलट कारखान्यातील खरे आकडे प्रथम त्यांच्याच हाती येतात. सत्य लिहिल्याबद्दल नोकरी गेली तर त्यांच्या पाठीशी उभी राहणारी संघटना आज नाही. कामगार संघटनांनी या पांढरपेशा नोकरवर्गाकडे लक्ष दिलेले नाही, ही उणीव आहे.

काही जुने कार्यकर्ते पर्यावरण हा सुखवस्तूंचा छंद मानतात. दाभोळ खाडीतल्या भोयाला हे सांगून पाहावे.

ज्ञानाचा धनी बदलला की त्याच ज्ञानाचे काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडी या गावांच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीतील वाळू ठेकेदार उपसून नेत होते. ती वाळू गावाची आहे असे म्हणून लोकांनी आपल्या हक्काची वाळू विकली आणि त्या पैशातून धरणाचे काम उभे केले. त्याच्या आराखड्याला के. आर. दाते यांच्यासारख्या नामवंत अभियंत्याचे साहाय्य लाभले. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा, हे तत्त्व त्या धरणामागे होते आणि पुढे समन्यायी पाणीवाटपाच्या साऱ्या चळवळीला त्याचा आधार मिळाला. दात्यांचे अभियांत्रिकी ज्ञान सरकारी धरणांवर काम करणाऱ्या अभियंत्यांच्या ज्ञानाहून वेगळ्या जातीचे नव्हते. फरक इतकाच की येथे आराखड्याची छाननी दुष्काळी गावच्या शेतकऱ्यांनी केली आणि हिशेबही त्यांनाच द्यावयाचा होता.

शिक्षणाच्या क्षेत्रातही असे प्रयोग झाले आहेत. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने नैसर्गिक संसाधनांच्या शाश्वत व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविला आणि वर्गाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व रानातील भेटींना दिले. शहरी मध्यमवर्गाच्या पलीकडे तो फारसा पोचला नाही, ही त्याची मर्यादा. गडचिरोलीत त्याच्याही पुढचे पाऊल पडले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांनी निवडलेल्या तरुणांसाठी सामूहिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम तेथे झाला. विद्यार्थी ग्रामसभेने पाठवावयाचा आणि शिकून त्याने ग्रामसभेचे जंगल सांभाळावयाचे. मेंढा-लेखासारख्या गावात सुमारे अठराशे हेक्टर जंगल लोकांच्या ताब्यात आहे, तेथे बांबू किती तोडावा, किती राखावा हा परीक्षेतला प्रश्न राहत नाही. त्यावर गावाची वर्षाची मिळकत ठरते. प्रमाणपत्राच्या कागदाला असा अर्थ आला तर त्याला कोण नाके मुरडील?

याच्या उलट टोकाला जैवविविधता नोंदवह्यांचे उदाहरण आहे. २००२ च्या कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकांच्या सहभागाने आपल्या परिसरातील सजीवसृष्टीची नोंदवही करावयाची होती. सतरा वर्षे ते काम रखडले. मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि पुढे दरमहा दहा लाख रुपये भरण्याची तंबी राज्यांना दिली. झाले! वह्यांचा कारखाना सुरू झाला, पदविकाधरांना काही महिने काम मिळाले, आणि एका गावची वही दुसऱ्या गावच्या वहीसारखी दिसू लागली. तेथेही धनी ग्रामसभा नव्हती, मुदत हीच धनी होती.

तेव्हा मागावयाचे ते काय? प्रदूषण नियंत्रण मंडळांतील रिक्त पदे नियमित वेतनावर भरा, कंत्राटावर नव्हे, ही मागणी पहिली. तिच्यात रोजगार आणि पर्यावरण दोन्ही आहेत. प्रकल्पमालकाने मूल्यांकनाची रक्कम एका स्वतंत्र सार्वजनिक निधीत भरावी आणि सल्लागाराची नेमणूक त्या निधीने करावी. यासाठी मालकाला एक पैसाही जादा पडत नाही, म्हणूनच त्याला होणारा विरोध बोलका ठरेल. राज्यातील विद्यापीठांनी पदवीधरांसाठीचे हे अभ्यासक्रम मराठीतून आणि परवडणाऱ्या शुल्कात चालवावेत. क्षेत्रकार्य विद्यार्थ्याच्या स्वतःच्या तालुक्यात व्हावे आणि त्याची एक प्रत संबंधित ग्रामपंचायतीच्या दप्तरी जावी. कोकणातला कातळसडा सरकारी कागदावर पडीक असतो. पावसाळ्यात त्याच्यावर कोणत्या वनस्पती उगवतात, कोणाची गुरे तेथे चरतात, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेलेली कातळशिल्पे त्यावर कोठे आहेत, हे राजापूरच्या विद्यार्थ्याने लिहून दप्तरी ठेवले असेल तर उद्या येणाऱ्या सल्लागाराला पडीक हा शब्द लिहिणे कठीण जाईल.

मराठीचा आग्रह भावनेपोटी धरावयाचा नाही. २०२० मध्ये मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा केंद्र सरकारने केवळ इंग्रजी आणि हिंदीत काढला. तो आठव्या अनुसूचीतील भाषांत द्या असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. लोकांना कळू नये यासाठी एवढा खटाटोप! त्याच मसुद्यात जनसुनावणीच्या सूचनेची मुदत तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. देशभरातून हरकतींचा पाऊस पडला.

२००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीची सूचना राष्ट्रीय आणि प्रादेशिक दैनिकात द्यावी लागते आणि अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात पाहण्यास ठेवावा लागतो. सारांश मराठीत असतो, पण शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत. त्याच्या परिशिष्टांतील पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यात घेतले, मासेमारी करणारी कुटुंबे मोजली की वगळली, हे वाचून काढणारा माणूस गावाच्या बाजूला सहसा नसतो. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. दहा लोक आले तरी ती पार पडते आणि दप्तरी पुरी झाली म्हणून लागते. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखविले पाहिजे असे अधिसूचना सांगते, पण तोपर्यंत मंडप रिकामा झालेला असतो.

ज्या तालुक्यांत खाण, बंदर, औष्णिक केंद्र किंवा रासायनिक वसाहत आहे अथवा येऊ घातली आहे, तेथील कार्यकर्त्यांनी यंदाच्या प्रवेशापासून एवढे तरी करावे: आपल्यातला एक पदवीधर निवडून मुक्त विद्यापीठाच्या वा अन्य अल्प शुल्काच्या अशा अभ्यासक्रमाला पाठवावा, त्याचे शुल्क शाखेने वर्गणी काढून भरावे, आणि पुढची जनसुनावणीची सूचना दैनिकात येईल तेव्हा त्या तीस दिवसांत मूळ अहवाल घेऊन त्याला गावातल्या चावडीवर बसवावे.